पोपडे उन्हाने सुटत नाहीत

ऑगस्टमध्ये मावसभावाचा फोन आला. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून त्याच्या डोक्यात गाडीमागे जोडायच्या फिरत्या घराचं वेड होतं. पुढे ते त्यानं घेतलंही आणि आता ते पुण्यात बावधनला त्याच्या अंगणात उभं असतं. त्याच्या एका बाजूला ऑनिंग आहे, म्हणजे गुंडाळून ठेवता येणारा कापडी मांडव. तो पेलणारे दोन अ‍ॅल्युमिनियमचे दांडे आहेत. त्यांचा पांढरा रंग तीन वर्षांत फुगून खपल्याखपल्यांनी सुटायला लागला होता. रंगाऱ्यानं निदान केलं होतं, "ऊन लागलं, दुसरं काय! घासून रेड ऑक्साइड मारतो, वरून दोन हात ऑइलपेंट." भावाला फक्त रंगाची छटा विचारायची होती. मी म्हटलं, "कशाला हात लावू नकोस, भिंग घेऊन येतो."

ऊन रंगाचं काय करतं ते आधी सांगतो, कारण हा गैरसमज घरोघरी आहे. उन्हातले अतिनील किरण रंगातल्या राळेचे लांब रेणू तोडतात. हे काम वरून खाली चालतं. आधी चकाकी जाते, मग बोट फिरवलं की खडूसारखी भुकटी लागते. असा रंग झिजतो, फिका पडतो. त्याचा नखाएवढा अखंड पापुद्रा निघत नाही. ऊन-थंडीनं धातू आकुंचन-प्रसरण पावतो हेही खरं. दोन मीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा दांडा पन्नास अंशांच्या फरकानं सुमारे २.३ मिलिमीटर वाढतो. पण चांगला रंग एवढा ताण सहज सोसतो. ज्या पापुद्र्याचा वरचा भाग गुळगुळीत आणि चकचकीत आहे, त्याचा गुन्हेगार वर शोधायचा नसतो, खाली शोधायचा असतो.

बावधनला पोचल्यावर मी दांड्यावरची एक खपली चाकूच्या टोकानं उचलली. खाली पांढरी पूड होती. चुंबक लावून पाहिलं, चिकटलं नाही, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच. मग खपलीच्या कडेला, जिथे रंग अजून शाबूत दिसत होता, तिथे दहापट मोठं दाखवणारं भिंग धरलं. रंगाखालून बारीक उंचवट्याच्या रेघा निघाल्या होत्या. लाकडात वाळवीची वाट असते तशा वळणावळणाच्या, शेवईपेक्षाही बारीक. आणि सगळ्या एकाच ठिकाणाहून सुटलेल्या, स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूच्या भोकापासून.

या गंजाला फिलिफॉर्म म्हणतात, म्हणजे धाग्यासारखा. रोगण लावलेल्या पोलादावरचं त्याचं वर्णन १९४४ मध्ये प्रसिद्ध झालं. गंजण्याच्या जेवढ्या तऱ्हा मला ठाऊक आहेत त्यांत याच्याइतकी देखणी दुसरी नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

अ‍ॅल्युमिनियम हा खरं तर हवेशी फार चटकन संयोग पावणारा धातू. तरीही भांडी टिकतात, कारण त्यावर क्षणात ऑक्साइडचं कवच तयार होतं, केसाच्या जाडीच्या साधारण वीस हजाराव्या भागाइतकं. ते घट्ट असतं आणि ओरखडा पडला तर पुन्हा धरतं. या कवचाचे शत्रू तीन: तीव्र आम्ल, तीव्र अल्क आणि क्लोराइड, म्हणजे मिठातलं क्लोरिन. भावाची गाडी वर्षातून तीन-चारदा दिवेआगरला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी असते. स्क्रू आवळताना भोकाच्या काठाला रंग तडकतो. त्या फटीत खारा तुषार शिरतो आणि कवच फुटतं.

आता फटीत पाण्याचा एक सूक्ष्म थेंब आहे. त्याच्या पुढच्या टोकाला, रंगाखाली, प्राणवायू पोचत नाही. मागच्या बाजूला फटीतून पोचतो. एकाच थेंबात एका टोकाला प्राणवायू कमी आणि दुसऱ्याला जास्त, एवढ्यावर विजेचा घट तयार होतो. पुढच्या टोकाला अ‍ॅल्युमिनियमचा अणू तीन इलेक्ट्रॉन मागे ठेवून आयन होतो आणि पाण्यात उतरतो. ते इलेक्ट्रॉन धातूतून मागे जातात आणि तिथे प्राणवायू व पाणी यांच्यापासून हायड्रॉक्साइड बनवतात. पुढे अ‍ॅल्युमिनियमचा आयन पाण्याच्या रेणूशी झगडून हायड्रोजन आयन मोकळा करतो, म्हणून टोक तीव्र आम्लधर्मी होतं. आम्ल झालं की कवच धरत नाही आणि नवा धातू विरघळतो. मागे आयन आणि हायड्रॉक्साइड भेटले की अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा साका बसतो. तो वाळून पांढरी पूड होते आणि मूळ धातूच्या तिपटीहून जास्त जागा घेते. रंग उचलला जातो तो या पाचरीनं.

या सगळ्यात क्लोराइड कुठे खर्च होतं? जवळपास नाहीच. ते धाग्याच्या डोक्यात, म्हणजे पुढच्या टोकात राहतं (मागची पांढरी पूड ही त्याची शेपटी); डोकं पुढे सरकतं तसं तेही सरकतं. म्हणजे कणभर मीठ एकदा आत गेलं की तोच कण धाग्याला बराच लांब ओढत नेऊ शकतो. वरून कितीही रंग मारा, खाली मजूर कामावर हजर आहे.

हे धागे एकमेकांना ओलांडत नाहीत. पुढे दुसऱ्या धाग्याची शेपटी आली की डोकं तिथून वळतं, कारण शेपटीच्या पोकळ पुडीतून प्राणवायू झिरपत असतो आणि डोक्याला प्राणवायूची टंचाई लागते. तीच गेली तर घटच मोडतो. दोन शेपट्यांच्या चिंचोळ्या कोपऱ्यात सापडलेलं डोकं तिथेच मरतं. भावाच्या दांड्यावर मला असा एक कोपरा सापडला. मी तो वहिनींना दाखवला आणि त्यांनी भिंग बराच वेळ खाली ठेवलं नाही.

पण पुण्यात समुद्र कुठे आहे? समुद्र नको, त्याचं मीठ आणि आपला पावसाळा पुरतो. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की स्वतःच पाणी शोषून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये प्लॅस्टिकच्या कव्हरखाली झाकून ठेवलेली गाडी म्हणजे या धाग्यांसाठी उबवणीचं यंत्र. काळजीपोटी घातलेलं कव्हरच इथे नडलं होतं.

त्या दांड्याला लोखंडी तारेनं लिंबू-मिरची बांधलेली होती. नव्या वस्तूला दृष्ट लागली म्हणून रंग सुटला, असं शेजारच्या आजींचं म्हणणं. आजींबद्दल आदर ठेवून सांगतो, तारेनं रंग खरवडला होता आणि लिंबाचा आम्ल रस तिथेच ओघळला होता. पोपड्यांकडे दैवी खूण म्हणून पाहण्याची आपली सवय जुनी आहे. शेंदरी मूर्तीवरचं कवच निखळलं की गावात शकुन-अपशकुनाची चर्चा होते. पण थरावर थर चढत गेले की साठलेला ताण जाडीबरोबर वाढतो आणि चिकटण्याची ताकद तेवढीच राहते; कधीतरी ताण जिंकणारच. श्रद्धा असू द्या, भीती नको. तितकाच आक्षेप मला ‘नॅनो’ म्हणून विकल्या जाणाऱ्या आणि गंजावरच फवारा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बाटल्यांना आहे. खाली मिठाचा कण जिवंत असेल तर वरचा थर कितीही नॅनो असला तरी काही करू शकत नाही.

मग करायचं काय? ऑनिंगच्या गुंडाळीत पिळलेली स्प्रिंग असते, ती लॉक केल्याशिवाय एकही स्क्रू सोडू नये; हात मोडण्याइतका जोर असतो. दांडा सुटा झाला की सैल रंग काढायचा, आणि धागा दिसतो तिथे न थांबता त्याच्या टोकापुढे दोन बोटं सरकायचं. मग साधं पाणी, पुन्हा पुन्हा, कारण आधी मीठ घालवायचं आहे. नंतर २४० आणि ३२० नंबरचा पॉलिशपेपर, हातानं. ग्राइंडर नको: जोरानं घासलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा वरचा थर विस्कटतो आणि धागे तिथे अधिक वेगानं धावतात. लोखंडी तारेचा ब्रशही नको, त्याचे कण रुतून नवे घट तयार होतात. पुसून, पूर्ण वाळवून, काही तासांच्या आत अ‍ॅल्युमिनियमसाठीचा एच (etch) प्रायमर, म्हणजे आम्लानं धातू किंचित कोरून पकड घेणारा पहिला थर, पातळ हात. त्यावर काय चालतं ते डब्यावर वाचा, कारण काही इपॉक्सी आम्लाच्या प्रायमरवर बसत नाहीत. वरचा थर दोन भागांच्या पॉलियुरेथेनचा करायचा असेल तर काम गाडी रंगवणाऱ्याकडे द्या. त्याची वाफ फुप्फुसांना घातक आहे, कापडी मास्क तिला अडवत नाही. आणि रेड ऑक्साइड लोखंडासाठी आहे.

भोसरीत पावडर कोटिंगला देणार असाल तर एकच प्रश्न विचारा: अ‍ॅल्युमिनियमची वेगळी ट्रीटमेंट करता का? ‘सेव्हन टँक करतो’ हे उत्तर अपुरं आहे. सात टाक्यांत धुऊन फॉस्फेट चढवण्याचा तो क्रम मुळात पोलादासाठीचा, अ‍ॅल्युमिनियमला क्रोमियम किंवा झिर्कोनियमचं वेगळं टाकं लागतं. भट्टी १८० ते २०० अंशांची असते, म्हणून गॅसचा दट्ट्या आणि प्लॅस्टिकच्या बुशी आधीच काढा. परत बसवताना स्क्रूच्या डोक्याखाली नायलॉनचा वॉशर आणि भोकाच्या काठाला सीलंट. स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम ओल्यात थेट भिडले की झीज अ‍ॅल्युमिनियमची होते.

भावाचा एक दांडा असा करून झाला. दुसऱ्यावर मी धाग्यांच्या टोकांना पेन्सिलीनं खुणा करून शेजारी तारखा लिहिल्या आहेत. महिन्यात बहुतेक टोकं खुणेच्या पुढे गेली, एक शेजारच्या शेपटीपाशी येऊन डावीकडे वळलं. हा दांडा रंगवायला कधी देणार म्हणून वहिनी दर रविवारी विचारतात. मी दिवाळीपर्यंतची मुदत मागितली आहे.