दानगुनची हाडं आणि अडकलेले इलेक्ट्रॉन

३ ऑक्टोबरला दक्षिण कोरियात सुट्टी असते. आकाश उघडल्याचा दिवस. इ.स.पू. २३३३ मध्ये दानगुनने गोजोसन हे कोरियाचं पहिलं राज्य स्थापलं, अशी परंपरा. तेराव्या शतकात इर्यॉन या बौद्ध भिक्षूने लिहून ठेवलेली त्याच्या जन्माची कथा मला फार आवडते. अस्वल आणि वाघ यांना माणूस व्हायचं असतं. स्वर्गपुत्र ह्वानुंग त्यांना दवण्याच्या कुळातली एक वनस्पती आणि लसणाच्या २० पाकळ्या देतो आणि १०० दिवस ऊन बघू नका म्हणतो. वाघाला दम निघत नाही. अस्वल गुहेत तग धरतं, त्याची बाई होते आणि तिच्या पोटी दानगुन जन्मतो.

कथा म्हणून हे सुंदरच आहे. पण १९९३ मध्ये उत्तर कोरियाने प्याँगयांगजवळच्या एका थडग्यात दानगुनची हाडं सापडल्याचं जाहीर केलं. वय ५,०११ वर्षं, २६७ वर्षं इकडेतिकडे. पद्धत होती इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स. ‘विज्ञानाने सिद्ध झालं’ म्हणून हा आकडा आजही सांगितला जातो, म्हणून ही पद्धत नीट समजून घेऊ.

मातीत युरेनियम, थोरियम आणि किरणोत्सारी पोटॅशियम अगदी थोडं असतं. त्यांच्या किरणांनी पुरलेल्या हाडाच्या खनिजातले इलेक्ट्रॉन जागचे उडतात. बहुतेक लगेच परततात, पण काही स्फटिकातल्या दोषांमध्ये अडकतात आणि हजारो वर्षं तिथेच राहतात. असा एकटा पडलेला इलेक्ट्रॉन म्हणजे एक इवलासा चुंबक. नमुना चुंबकीय क्षेत्रात ठेवला की या चुंबकाला दोनच दिशा उरतात, आणि दोन्हींची ऊर्जा वेगळी. नेमकी तेवढ्या फरकाची सूक्ष्मलहर सोडली की तो ती शोषून उलटा होतो. किती लहर शोषली गेली, त्यावरून किती इलेक्ट्रॉन अडकलेत ते कळतं. मग त्याच नमुन्याला प्रयोगशाळेत मोजूनमापून गॅमा किरण देतात, संकेत कसा वाढतो त्याचा आलेख काढतात आणि रेषा मागे शून्यापर्यंत नेतात. त्यातून हाडाने आजवर एकूण किती किरणोत्सर्ग झेलला ते निघतं. जपानच्या मोतोजी इकेयांनी १९७५ मध्ये गुहेतल्या लवणस्तंभाचं वय असंच काढलं होतं.

आता खरी मेख. वय म्हणजे एकूण मात्रा (आजवर झेललेला किरणोत्सर्ग) भागिले वार्षिक मात्रा (वर्षाला झेललेला). एकूण मात्रा मोजता येते. वार्षिक मात्रा बरीचशी अंदाजावर. समजा हाडाने ५ ग्रे (ग्रे म्हणजे शोषलेल्या किरणोत्सर्गाचं एकक) झेलले. वर्षाला १ मिलिग्रे धरले तर वय ५,००० वर्षं, ३ धरले तर जेमतेम १,७००. हाड सच्छिद्र असतं, भूजलातलं युरेनियम शोषत राहतं. ते केव्हा आणि किती शिरलं यावर भागाकार बदलतो, आणि ते हिशेबात कमी धरलं गेलं तर वय फुगतं. म्हणूनच ही पद्धत वापरणारे दाताच्या एनॅमलवर जास्त विश्वास ठेवतात.

थडग्याची बांधणी तर गोगुर्यो काळातली. ते राज्य इ.स. ६६८ मध्ये संपलं. शिवाय जाहीर केलेलं वय खरं मानलं तर दानगुन स्वतःच्या परंपरेपेक्षाही ६८५ वर्षं जुना ठरतो, आणि २६७ ची मुभा देऊनही हा फरक भरून निघत नाही. आपल्याकडे महाभारत युद्धाची तारीख तिथीसकट सांगणारे संदेश फिरतात, त्यांनाही मी हेच विचारतो: भागाकारात गृहीत काय धरलंय?

५,००० वर्षांच्या टप्प्यात, उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढणारी कार्बन-१४ ही नेहमीची, भरवशाची पद्धत आहे. हाडात कोलॅजन हे प्रथिन शिल्लक असेल तर एखादा ग्रॅम पुरतो. पण ती हाडं १९९४ पासून २२ मीटर उंच दगडी पिरॅमिडात ठेवलेली आहेत, आणि कुठल्याही स्वतंत्र प्रयोगशाळेपर्यंत तो ग्रॅम पोहोचलेला नाही.