स्मार्टफोनचा बॅकअप

फोनमधील नंबर, फोटो, मेसेज, कागदपत्रे आणि अ‍ॅपमधील माहिती यांची वेगळ्या ठिकाणी ठेवलेली प्रत. यात ‘वेगळ्या ठिकाणी’ हेच महत्त्वाचे. फोटो त्याच फोनच्या मेमरी कार्डात हलवल्याने जागा मोकळी होते, बॅकअप होत नाही. कळवा-ठाणे पट्ट्यात रुळांलगत उभे राहून लोकलच्या दारातल्या प्रवाशाच्या हातावर काठीचा फटका मारणाऱ्या चोराला फोन मिळतो तो कार्डासकट.

चोरीइतकाच ठाणेकरांच्या फोनचा दुसरा शत्रू पाऊस. भिजून बंद पडलेला फोन दुरुस्तीवाल्यापुढे ठेवला की पहिला प्रश्न ‘डेटा निघेल ना?’ पूर्वी मेमरीची चिप सुटी करून वाचता येई. आताच्या फोनमधला साठा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात, असतो आणि त्याची किल्ली प्रोसेसरशी बांधलेली असते. त्यामुळे कारागिराला आधी बोर्डच, म्हणजे प्रोसेसर आणि चिप बसवलेली मुख्य पट्टी, जिवंत करावा लागतो. तो मेला तर चिप शाबूत असूनही उपयोग नाही.

सर्वांत महाग पडते ती सिंक आणि बॅकअप यांची गल्लत. सिंक दोन्हीकडच्या प्रती सारख्या ठेवते, म्हणून एकीकडे पुसले की दुसरीकडेही पुसले जाते. गूगल फोटोजमधील ‘जागा मोकळी करा’ हे बटण फक्त फोनमधली प्रत काढते. त्याच अ‍ॅपमध्ये फोटो निवडून डिलीट केला, तर तो फोनमधून आणि क्लाउडमधून (इंटरनेटवरील कंपनीच्या साठ्यातून), दोन्हीकडून जातो. बॅकअप झालेला फोटो बिनमध्ये, म्हणजे अ‍ॅपच्या कचरापेटीत, ६० दिवस राहतो. ‘फोन भरला’ म्हणून मागच्या गणपतीचे फोटो पुसणाऱ्या काकूंना एवढीच मुदत असते, आणि ती बहुधा माहीत नसते.

मोफत जागा गूगलकडे १५ जीबी, अ‍ॅपलच्या आयक्लाउडमध्ये ५ जीबी. गूगलची जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज यांत वाटून जाते. फोटोंची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. अँड्रॉइडवरील व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही आता याच जागेत मोजला जातो, म्हणजे रोज सकाळी येणारी सुप्रभातची फुलेसुद्धा. जागा संपली की बॅकअप थांबतो. सूचना येते, पण ती बोटाने बाजूला सारली जाते. शिवाय मूळ सेटिंगमध्ये फोटो वायफायवरच चढतात. घरी वायफाय नसेल, सगळे मोबाइल डेटावरच चालत असेल, तर बॅकअप ‘चालू’ दिसूनही फोटो वर्षभर फोनमध्येच पडून राहतात.

ऐरोली, रबाळे, महापेच्या एमआयडीसीत डेटा सेंटर, म्हणजे क्लाउडमधली माहिती साठवणारी केंद्रे, उभी आहेत. म्हणून नवी मुंबईकराचे फोटो तिथेच असतील असे नाही. प्रत कुठे ठेवायची ते कंपनी ठरवते. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम सांगतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर. घोडबंदरच्या घरात फोन आणि लॅपटॉप, पनवेलला ताईकडे हार्ड डिस्क, एवढ्यात हा नियम पाळला जातो.

यूपीआय बॅकअपमधून परत येत नाही. नव्या फोनवर सिममधून एसएमएस जाऊन पुन्हा नोंदणी व्हावी लागते, म्हणून चोरीनंतर पहिली धाव डुप्लिकेट सिमसाठी. व्हॉट्सअ‍ॅपलाही तोच नंबर लागतो. त्याचा बॅकअप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (फक्त आपल्या पासवर्डनेच उघडणारा) करून तो पासवर्ड विसरल्यास कंपनीही बॅकअप उघडून देऊ शकत नाही.

अँड्रॉइड फोन ५७ दिवस वापरला गेला नाही, तर गूगलकडील त्याचा डिव्हाइस बॅकअप पुसला जातो. गूगल फोटोजमधील फोटो तेवढे राहतात. श्रावणात फोन गमावून ‘आता दिवाळीलाच नवा घेऊ’ म्हणत साध्या फोनवर दिवस काढणारे नेमके यात सापडतात.