ऑपेरा कंडक्टर व्हायचंय? जर्मनीतल्या प्रवेशाची प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रं

‘समकालीन ऑपेराचा कंडक्टर’ हे उद्दिष्ट ठीक, पण बहुतेक प्रवेश अर्जांत त्या नावाचा रकाना नसतो. जर्मनीतल्या सरकारी संगीत विद्यापीठांत अर्ज होतो तो ऑर्केस्ट्रा कंडक्टिंगसाठी, म्हणजे वाद्यवृंदाचं संचालन शिकण्यासाठी. बॅचलर साधारण ८ सत्रांचा, मास्टर ४ सत्रांचा. नव्या ऑपेराची खासियत पुढे येते, नोकरी करता करता. आणि ती नोकरी बहुतेकांना मिळते पियानोवर बसून: आधी कोरेपेटिटोर, म्हणजे गायकांकडून भूमिका बसवून घेणारा पियानोवादक, मग थोडं कंडक्टिंग सांभाळणारा कोरेपेटिटोर, मग कापेलमाइस्टर, म्हणजे ऑपेरा हाउसचा नियमित कंडक्टर. म्हणूनच प्रवेश परीक्षेत हात हलवण्याइतकंच पियानोलाही वजन असतं.

मुंबई, पुणे, गोव्यातल्या पुष्कळ मुलांकडे पियानोची आठवी ग्रेड असते. ती चांगलीच गोष्ट, पण तेवढ्यावर इथे भागत नाही. तालमीशिवाय बाखचा प्रेल्यूड-फ्यूग आणि बेथोवनच्या सोनाटातला वेगवान भाग सफाईने वाजत नसेल, तर अर्ज वर्षभर पुढे ढकललेला बरा.

परीक्षेचे तपशील संस्थेगणिक बदलतात, गाभा मात्र सारखाच. आधी व्हिडिओवरून चाळणी. निवड झाली तर प्रत्यक्ष बोलावणं: दोन पियानो किंवा छोट्या वाद्यवृंदासमोर ठरलेल्या रचना कंडक्ट करणं, स्वतंत्र पियानो, न पाहिलेल्या स्कोअरचं (सगळ्या वाद्यांचे भाग एकाखाली एक लिहिलेल्या स्वरलिपीचं) पियानोवर वाचन, कानाची परीक्षा, हार्मनीचा लेखी पेपर आणि मुलाखत. ऑपेराचा उतारा वेगळा असतो. वाद्यवृंदाचा भाग दोन्ही हातांनी वाजवायचा आणि गायकांच्या ओळी स्वतः म्हणायच्या, तेही आवाज कसाही असला तरी. ऑपेरा हाउसच्या कोरेपेटिटोर चाचण्यांत बिझेच्या ‘कार्मेन’ ऑपेरातलं तस्करांचं पंचक (पाच गायकांचं गाणं) किंवा मोत्सार्टच्या ‘फिगारो’च्या दुसऱ्या अंकाचा शेवट हमखास येतो, तेव्हा ते आत्ताच बोटांत बसवावेत. सगळे सूर वाजवायचा हट्ट धरणारा इथे अडखळतो. बास, लय आणि गायकाला लागणारा सूर सांभाळून बाकीचं सोडून द्यायला परीक्षकांची हरकत नसते; थांबलात तर असते.

व्हिडिओच्या बाबतीत अर्ज बाद होण्याचं सगळ्यात फालतू कारण म्हणजे प्रेक्षकांत ठेवलेला कॅमेरा. त्यात दिसते फक्त पाठ. कॅमेरा वादकांच्या बाजूला हवा. चेहरा आणि दोन्ही हात पूर्ण दिसले पाहिजेत, मधे काटछाट नको. वाद्यवृंद मिळत नसेल तर दोन पियानोवादक चालतात का, ते नियमावलीत पाहा. बऱ्याच ठिकाणी चालतात. तालमीचा तुकडा मागितला असेल तर मैफलीचा पाठवू नका.

हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं. त्यासाठीचे अर्ज साधारण वसंतात घेतात, काही संस्था त्याहून आधी. अनेक संस्था मुव्हॅक या संकेतस्थळावरून अर्ज स्वीकारतात. त्याआधी प्राध्यापकांना मेल करून एखादा तास मागण्याची तिथे पद्धतच आहे. त्यात आगाऊपणा कोणी मानत नाही.

कागदपत्रं: दहावी, बारावी आणि पदवी असल्यास तिची प्रमाणपत्रं व गुणपत्रिका, जर्मन किंवा इंग्रजी भाषांतरासह, आत्मवृत्त, कंडक्ट केलेल्या रचनांची यादी, पासपोर्ट, जर्मन भाषेचं प्रमाणपत्र, बहुधा बी१ किंवा बी२ या मध्यम पातळ्यांचं. नुसत्या बारावीवर प्रवेश मिळेल का, याचं उत्तर राज्य आणि संस्थेनुसार वेगळं असतं. त्यामुळे परदेशी विद्यार्थी कार्यालयाकडून ते लेखी घ्या. भारतात शिकलेल्यांना एपीएस प्रमाणपत्रही, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं पडताळल्याचा दाखला, लागतं. नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी व्हिसासाठी ते सक्तीचं झालं. पडताळणीला काही आठवडे जातात, म्हणून निकालाची वाट न बघता आधीच अर्ज टाका.

पैशाचं म्हणाल तर बहुतेक राज्यांत शिक्षण शुल्क नाही, फक्त सत्र शुल्क. बाडेन-वुर्टेंबर्ग हा एक अपवाद: श्टुटगार्ट, फ्रायबुर्ग, कार्ल्सरूह, मानहाइम, ट्रोसिंगेन इथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो. व्हिसासाठी ब्लॉक्ड खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, हा आकडा सप्टेंबर २०२४ पासूनचा. तो वाढत असतो, तेव्हा भरण्याआधी ताजा बघा.

व्हिसात एक खड्डा आहे. परीक्षेला शेंगेन व्हिसावर (अल्प मुदतीच्या प्रवासी व्हिसावर) गेलात आणि निवड झाली, तर तिथल्या तिथे तो विद्यार्थी परवान्यात बदलून मिळत नाही. परत येऊन नव्याने अर्ज करावा लागतो. शिक्षणासाठी अर्ज करणाऱ्यांचा वेगळा राष्ट्रीय व्हिसा असतो, तो जर्मनीतच बदलता येतो. परीक्षा जून-जुलैत असेल तर हाच मागा, नाहीतर ऑक्टोबर हातचा जातो.

नव्या ऑपेराकडे वळायचं ते पदवीनंतर. फ्रँकफर्टमध्ये एन्सेम्बल मोडर्न या समकालीन संगीत वाजवणाऱ्या वाद्यवृंदाची अकादमी तिथल्या संगीत विद्यापीठासोबत समकालीन संगीताचा मास्टर चालवते; वादकांबरोबर कंडक्टरही अर्ज करू शकतात. इथे स्कोअर वाचनाची कसोटी निराळी. ७/१६ चं माप (एका आवर्तनात सात सोळांश स्वर) २+२+३ असं फोडायचं की ३+२+२, हे गायकाच्या शब्दावर ठरतं. मग लगेच ३/८ आलं तर सोळांश स्वराची लांबी तितकीच ठेवायची की ठोक्याची, हे पेन्सिलीने आधीच लिहून ठेवावं लागतं. इलेक्ट्रॉनिक्स असेल तर कानात क्लिक ट्रॅक, म्हणजे ठोके मोजणारी टिकटिक, येतो, आणि गायकाने श्वासाला वेळ घेतला तरी तो थांबत नाही. अर्जाच्या व्हिडिओत अशी एक तरी रचना असावी, शक्यतो हयात संगीतकाराची आणि गायकासह.