टक्के कशाचे? ऑपरेशननंतरच्या वजनमोजणीची पार्श्वभूमी

नागपुरात धंतोलीतल्या एका दवाखान्यात बाकावर शेजारी बसलेल्या गृहस्थांनी मला विचारलं, "डॉक्टर म्हणून राहिले 64 टक्के उतरलं, अन् हे मोबाइलवालं ॲप म्हणून राहिलं 30. खरं कोनाचं?" जठर लहान करण्याचं ऑपरेशन होऊन त्यांना वर्ष झालं होतं. उंची 160 सेंटिमीटर. 120 किलोंचे 84 झालेले. आकडे दोन्ही खरे होते. छेद, म्हणजे ज्याने भागायचं तो खालचा आकडा, तेवढा वेगळा होता, आणि हा छेद कुठून आला ते पाहायचं तर आयुर्विम्यापर्यंत मागे जावं लागतं.

लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रिया 1950च्या दशकात सुरू झाल्या. 1954 साली अमेरिकेत मिनेसोटाच्या क्रेमन आणि सहकाऱ्यांनी लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून जोडणी करण्याची पद्धत मांडली. वजन उतरे, पण जुलाब, कुपोषण आणि यकृताचे बिघाड मागे लागत, त्यामुळे ती पुढे टिकली नाही. 1967 साली आयोवाच्या एडवर्ड मेसन आणि चिकाओ इटो यांनी गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडण्याची पद्धत, पुढे आणला. आज सर्वाधिक होणारी स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून उरलेल्याची नळी करणारी शस्त्रक्रिया, त्या मानाने कालचीच.

ऑपरेशन जमलं की नाही, हे ठरवायचं कसं? सर्जनांनी हाताशी असलेली पट्टी उचलली. मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने 1940च्या दशकात उंचीनुसार 'आदर्श' वजनाचे तक्ते काढले होते. 1983 साली ते सुधारले. विमाधारकांपैकी कोणत्या वजनाची माणसं जास्त जगतात, एवढाच त्यांचा आधार. 1983च्या तक्त्यात पुरुषाच्या अंगावरचे कपडे 5 पौंडांचे धरलेत आणि बुटाची टाच 1 इंचाची! आदर्श वजनाच्या वर जे असेल ते 'जादा', आणि जादातलं किती टक्के गेलं, ते यश. 1980च्या दशकात 50 टक्क्यांची रेष रूढ झाली.

पुढे तक्त्याची जागा बीएमआयने (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) घेतली आणि आदर्श म्हणजे 25 असं ठरलं. आमच्या गृहस्थांसाठी ते 64 किलो. म्हणजे जादा 56, त्यातले गेले 36. झाले 64 टक्के. ॲप मात्र मूळ 120 किलोंना भागत होतं, म्हणून 30. आता त्याच उंचीचा 90 किलोंचा माणूस घ्या. त्यानेही मूळ वजनाच्या 30 टक्के, म्हणजे 27 किलो घालवले, तर जुन्या हिशेबाने त्याचं यश शंभराच्याही पुढे जातं. सर्जन तोच, ऑपरेशन तेच. हलका पेशंट घेतला की निकाल चमकतो. गेल्या काही वर्षांत एकूण वजनाच्या टक्केवारीकडे कल वळला, तो यामुळेच.

त्यात 25 हा आकडाही आपल्याला नीट बसत नाही. 2004 साली पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय 22.3, शरीरातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. भारतीयांसाठी 2009 साली जादा वजनाची सीमा 23 वर आली. ती आदर्श धरली, तर आमच्या गृहस्थांचे 64 टक्के बसल्या जागी 59 होतात.

मोजमापाचं असं, आणि वजन पुढे किती उतरेल याचा अंदाज तर त्याहून अवघड. खरी माहिती माणसं वर्षानुवर्षं पाहिल्यावरच मिळते. स्वीडनमध्ये 1987 साली सुरू झालेल्या अभ्यासात बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्के उतरलं होतं. दहा वर्षांनी ती घट 25 वर आली. वजनाच्या आलेखाची रेघ आधी झपाट्याने खाली येते, तळाला टेकते आणि मग हळूच वर सरकते. या सरासरीमागे माणसागणिक रेघ निराळी असते. 2023 साली फ्रेंच संशोधकांच्या पुढाकाराने दहा हजारांवर पेशंटांच्या नोंदींवरून तयार आणि तपासलेलं एक संगणकी मॉडेल प्रसिद्ध झालं. उंची, वजन, वय, धूम्रपान, मधुमेह आहे का, किती वर्षांचा, आणि ऑपरेशन कोणतं, या सात गोष्टी सांगितल्या की ते पाच वर्षांची रेघ काढून देतं. पाचव्या वर्षी त्याची साधारण चूक 2.8 बीएमआय. 160 सेंटिमीटर उंचीला हे सुमारे 7 किलो होतात. वाईट नाही, पण भविष्यवाणीही नव्हे.

रेघ तपासायला पेशंट काट्यावर यावा लागतो. इथे बालाघाट, छिंदवाडा, गडचिरोलीहून आलेली माणसं पहिल्या वर्षी वेळेवर येतात. मग कापसाचा हंगाम, पोरीचं लग्न, आणि वजन फोनवर कळवलं जातं, तेही घरच्या काट्याचं. नेमकं तेव्हाच रेघेने वर सरकायला सुरुवात केलेली असते, आणि तर्री-पोहे पुन्हा प्लेटभर जाऊ लागलेले असतात.

त्या गृहस्थांना मी हे सगळं काही सांगितलं नाही. छेदाचं तेवढं सांगितलं. त्यांचा पुढचा प्रश्न विम्याचा होता: क्लेम का अडकला? भारतीयांसाठी 2009 साली सुचवलेली ऑपरेशनची सीमा बीएमआय 37.5, आणि सोबत मधुमेहासारखा आजार असल्यास 32.5. विमा नियामकाच्या 2019च्या नियमांत मात्र 40 आणि 35 हेच आकडे आहेत. त्यांचा बीएमआय 46.9 होता, तेव्हा अडचण त्यात नव्हती. फाइलमध्ये उंचीच लिहायची राहिली होती.