खात्यातला पैसा गेला, तोटा कुणाच्या माथी?

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस बँकेची क्लोन केलेली कार्डं घेऊन २८ देशांत माणसं एटीएमसमोर उभी राहिली आणि काही तासांत सुमारे १२ हजार व्यवहारांतून ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतात रूपे कार्डांवर आणखी अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेश-यंत्रणेवरून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात पोचले. सगळं मिळून सुमारे ९४ कोटी.

एटीएममध्ये कार्ड घातलं की विचारणा बँकेच्या 'स्विच'कडे जाते. स्विच कोअर बँकिंगला, म्हणजे खात्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या मुख्य यंत्रणेला, विचारतो आणि होकार किंवा नकार कळवतो. चोरांनी मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, घुसवून मधल्या मध्ये आपला बनावट स्विच बसवला होता. तो खात्याकडे न बघताच प्रत्येक विचारणेला होकार देत राहिला. त्यामुळे ठेवीदारांच्या खात्यांतून एक रुपयाही वजा झाला नाही आणि तोटा सरळ बँकेवर आला. पण त्याच आठवड्यात, त्याच शहरात, एखाद्या निवृत्त शिक्षिकेच्या खात्यातून चाळीस हजार गेले असते, तर तिला काउंटरवर पहिला प्रश्न आला असता, "ओटीपी कुणाला सांगितलात?"

चोरी दोन्हीकडे आहे. एका ठिकाणी बँक बळी ठरते आणि दुसऱ्या ठिकाणी ग्राहक संशयित, हे कसं झालं ते समजायला जवळजवळ पन्नास वर्षं मागे जावं लागतं.

अमेरिकेने १९७८ मध्ये इलेक्ट्रॉनिक निधी हस्तांतरणाचा कायदा केला. कार्ड हरवल्याचं दोन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाचं नुकसान ५० डॉलरवर थांबतं. व्यवहार ग्राहकाच्या संमतीने झाला, हे सिद्ध करायचं ते बँकेने. १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात सिटीबँकेविरुद्धचा दावा आला. ग्राहक बाईंचं म्हणणं होतं की ८०० डॉलर निघाले तेव्हा त्या कामावर होत्या. बँकेने संगणकाचे छापील कागद पुढे केले. न्यायालयाने बाईंवर विश्वास ठेवला.

ब्रिटनने उलटी वाट धरली. आमची यंत्रणा चुकत नाही, असं तिथल्या बँका म्हणत आणि ते खोटं ठरवायचं काम ग्राहकावर पडे. या हट्टाची कमाल एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात झाली. आपण न काढलेले पैसे खात्यातून गेले, अशी तक्रार त्याने केली, तर १९९४ मध्ये त्यालाच फसवणुकीच्या प्रयत्नासाठी दोषी ठरवण्यात आलं. चोर सोडून संन्याशाला सुळी, ते हेच. १९९६ मध्ये अपिलात तो सुटला, कारण त्याच्या तज्ज्ञांना बँकेची यंत्रणा तपासू द्यायला बँकेने नकार दिला होता.

या खटल्यात त्या पोलिसाच्या बाजूचे तज्ज्ञ होते केंब्रिजचे संगणकशास्त्रज्ञ रॉस अँडरसन. एटीएम यंत्रणा प्रत्यक्षात कशामुळे मोडतात, हे त्यांनी १९९३ पासूनच मांडलं होतं. त्यांचा सर्वांत मोलाचा निष्कर्ष मात्र तंत्राचा नव्हता. ब्रिटिश बँका सुरक्षेवर अमेरिकन बँकांपेक्षा जास्त खर्च करत होत्या, तरी फसवणूक ब्रिटनमध्येच जास्त होती. कारण साधं आहे. तोटा ग्राहकावर ढकलता येतो हे कर्मचाऱ्यांना ठाऊक असलं, की तक्रारी कुणी गंभीरपणे घेत नाही आणि भोक कुठे आहे हे कळतच नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. २००१ मध्ये अँडरसन यांनी हाच विचार विस्ताराने मांडला आणि माहिती-सुरक्षेचं अर्थशास्त्र ही वेगळी विद्याशाखा उभी राहिली. कुलूप किती मजबूत आहे, याआधी ते तुटल्यावर पैसे कोण भरतो ते विचारा, हे त्या शाखेचं मूळ सूत्र आहे.

आपला माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला. त्याचा मुख्य हेतू ई-व्यापाराला आणि डिजिटल सहीला मान्यता देण्याचा होता. तरी त्यात एक चांगली सोय होती. परवानगीशिवाय संगणकात शिरून केलेल्या नुकसानीची भरपाई कलम ४३ खाली मागता येत होती. दावा ऐकायचा राज्याच्या आयटी सचिवाने, न्यायनिर्णय अधिकारी म्हणून. दिवाणी न्यायालयाचा रस्ता मात्र कलम ६१ ने बंद केला.

२००५ मध्ये पुण्याच्या एका बीपीओतल्या कर्मचाऱ्यांनी सिटीबँकेच्या अमेरिकन ग्राहकांचे पिन मिळवून सुमारे साडेतीन लाख डॉलर वळवल्याचं उघड झालं. परदेशी ग्राहकांचा डेटा सांभाळण्यावर ज्या धंद्याची भिस्त, त्याला हा मोठा धक्का होता. कायद्याचा फेरविचार त्याच वर्षी सुरू झाला. डिसेंबर २००८ मध्ये, मुंबईवरचा हल्ला ताजा असताना, दुरुस्ती विधेयक संसदेत जवळजवळ चर्चेविना संमत झालं आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झालं. त्यातलं ऑनलाइन मजकुराबद्दल शिक्षा करणारं कलम ६६ अ पुढे खूप गाजलं आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. पण सामान्य माणसाच्या कामाचं कलम होतं ४३ अ. संवेदनशील माहिती हाताळणाऱ्या कंपनीने वाजवी सुरक्षा राखली नाही आणि त्यातून कुणाचं नुकसान झालं, तर तिने भरपाई द्यायची.

एप्रिल २०१० मध्ये तमिळनाडूच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्याने फिशिंगच्या, म्हणजे बँकेच्या नावाने खोटे मेल पाठवून पासवर्ड काढून घेण्याच्या, प्रकरणात आयसीआयसीआय बँकेला १२ लाख ८५ हजार रुपये द्यायला सांगितलं. त्यानंतरची काही वर्षं महाराष्ट्राची होती. मुंबईत आयटी सचिव राजेश अगरवाल यांच्यापुढे बँकांविरुद्धचे दावे चालले. २०१३ चा एक आदेश मला फार महत्त्वाचा वाटतो. पुण्याच्या एका कंपनीच्या पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून ८० लाख १० हजार रुपये गेले होते. फिशिंग मेलला उत्तर देण्याची चूक कंपनीची होती आणि आदेशात तिचा वाटा धरला गेला. तरीही बँकेला ४५ लाख भरायला लावले, कारण चोरीचा पैसा ज्या बनावट खात्यांत उतरला ती खाती उघडताना बँकेने नीट तपासणी केली नव्हती. चूक दोघांची असेल तर तोटाही दोघांत वाटायचा, इतकं व्यवहारी आणि इतकं न्याय्य.

दुर्दैवाने ही वाट पुढे अडकली. अपील ऐकणाऱ्या सायबर अपील न्यायाधिकरणाचे अध्यक्ष जून २०११ मध्ये निवृत्त झाले आणि ती खुर्ची २०१७ पर्यंत रिकामी राहिली. शेवटी ते न्यायाधिकरणच दूरसंचार न्यायाधिकरणात विलीन करण्यात आलं. सहा वर्षं अपील दाखल करता येत होतं, निकाल मिळत नव्हता. या दिरंगाईचा राग यायलाच हवा.

त्यानंतरचं मोठं पाऊल रिझर्व्ह बँकेने उचललं. ऑगस्ट २०१६ मध्ये ग्राहकाच्या दायित्वाबद्दल मसुदा आला. दोनच महिन्यांनी एका एटीएम सेवा कंपनीच्या यंत्रणेत मालवेअर शिरल्याचं बाहेर आलं आणि सुमारे ३२ लाख डेबिट कार्डं धोक्यात आली. अंतिम परिपत्रक निघालं ६ जुलै २०१७ रोजी. चूक बँकेची असेल तर ग्राहकाचं दायित्व शून्य. चूक दोघांचीही नसून यंत्रणेत इतरत्र असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर नेहमीच्या बचत खात्यासाठी कमाल १० हजार. तक्रारीनंतर दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची, ९० दिवसांत निकाल लावायचा आणि पुराव्याचं ओझं बँकेवर. डिसेंबर २०१७ मध्ये हेच नियम सहकारी बँकांनाही लागू झाले. अमेरिकेने १९७८ मध्ये मान्य केलेलं तत्त्व आपल्याकडे ३९ वर्षांनी आलं.

परिपत्रक आलं म्हणून पैसे आपोआप परत येत नाहीत. मुंबईतल्या एका औषध कंपनीच्या बँक ऑफ बडोदातल्या खात्यातून ऑक्टोबर २०२२ मध्ये ७६ लाखांहून अधिक रक्कम गेली. बँकिंग लोकपालाने दाद दिली नाही. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच परिपत्रकाच्या आधारे बँकेला रक्कम परत करायला सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ९४ हजारांच्या एका प्रकरणात स्टेट बँकेची जबाबदारी कायम ठेवली. ज्या तक्रारीला ९० दिवस ठरले होते, तिच्यासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढायची ताकद किती जणांत असते?

परिपत्रकातली खरी फट मात्र वेगळी आहे. ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. २०१७ मध्ये हा अपवाद वाटत असेल. आज 'डिजिटल अटके'च्या धमकीने तासन्‌तास व्हिडिओ कॉलवर बसवलेला माणूस स्वतःच्या हाताने पैसे पाठवतो आणि नियमाच्या लेखी तो व्यवहार संमतीचा ठरतो. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर पुढच्या खात्यात पैसे गोठवता येतात, पण तो वेळेशी चाललेला खेळ असतो.

शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात कलम ४३ अ वगळण्याची तरतूद आहे. नव्या कायद्यात दंड २५० कोटींपर्यंत आहे, पण तो जमा होणार भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत. ज्याचा डेटा फुटला त्याला भरपाई मागायची वाट त्यात ठेवलेली नाही.

ग्राहकावर ओझं टाकण्याचा धडा ज्या ब्रिटनने घालून दिला होता, तो देश आता बदलला आहे. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे फसवून पाठवायला लावलेले पैसेसुद्धा, ८५ हजार पौंडांपर्यंत, परत करावे लागतात. निम्मा भार पाठवणाऱ्या बँकेवर आणि निम्मा ज्या बँकेच्या खात्यात ते पैसे उतरतात तिच्यावर. चोरीचा पैसा कुठल्या तरी शाखेत, कुणी तरी केवायसी करून उघडलेल्या भाड्याच्या खात्यातच उतरतो, हे त्यामागचं तर्कशास्त्र आहे. मंत्रालयातून निघालेल्या २०१३ च्या त्या आदेशानेही बँकेला नेमकं हेच विचारलं होतं.