स्लाइड गिटार

स्लाइड गिटार : बोटात काचेची किंवा धातूची नळी घालून ती तारांवरून सरकवत गिटार वाजवण्याची पद्धत. या नळीलाच स्लाइड म्हणतात. पूर्वी बाटलीची मान कापून ती बनवत, म्हणून ‘बॉटलनेक’ हेही नाव रूढ आहे. तार फ्रेटवर (गिटारच्या मानेवरील आडव्या धातूच्या पट्टीवर) दाबली जात नाही, नळी तिला नुसती टेकते. त्यामुळे अखंड मींड घेता येते आणि दोन फ्रेटच्या मधले सूरही लागतात. ब्लूजचा (अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या गानपरंपरेचा) गंधार बरेचदा कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये असतो. त्या गंधारासाठी स्लाइडइतके सोयीचे साधन गिटारवर दुसरे नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय वादकांनी ही पद्धत घडवली. मिसिसिपीतील टटवायलर स्थानकावर 1903 च्या सुमारास तारांवर सुरी टेकवून वाजवणारा एक वादक ऐकल्याचे ब्लूज रचनाकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. सिल्व्हेस्टर वीव्हर यांनी 1923 मध्ये स्लाइडची पहिली ध्वनिमुद्रणे केली. ब्लाइंड विली जॉन्सन यांनी डिसेंबर 1927 मध्ये डॅलसला केलेले एक शब्दहीन गुणगुणणे, सोबतीला फक्त स्लाइड, 1977 मध्ये व्हॉयेजर यानांच्या सुवर्णतबकडीवर अंतराळात गेले.

वादनतंत्र : नवशिका हमखास चुकतो ते नळीच्या जागेत. तार दाबताना बोट दोन फ्रेटच्या मध्ये ठेवायची सवय असते. तशीच नळी ठेवली की सूर उतरलेला लागतो. नळी फ्रेटच्या धातूच्या तारेच्या बरोबर वर हवी, कारण येथे तारेचे कंप पावणारे टोक म्हणजे नळीच. 648 मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिला फ्रेट नटपासून (मानेच्या टोकाची, तारा टेकणारी पट्टी) सुमारे 36 मिलिमीटरवर असतो, तर बाराव्या आणि तेराव्या फ्रेटमधले अंतर 18 मिलिमीटर भरते. म्हणजे नळी तेवढीच सरकली तरी बाराव्या फ्रेटपाशी सूर दुप्पट चुकतो. फ्रेटकडे तिरके पाहिले तरी जागा चुकते; शेवटचा निवाडा कानाचाच.

दुसरी गोष्ट म्हणजे तार थोपवणे, आणि स्लाइडचा खरा कस येथे लागतो. नळीच्या मागे, नटच्या बाजूला उरलेली तारही कंप पावते आणि एक बेसूर किणकिण मागे लावते. नळी करंगळीत किंवा अनामिकेत घालून तिच्या मागची मोकळी बोटे तारांवर अलगद टेकवली की ती थांबते. उजव्या हाताचेही हेच काम : एक तार छेडायची आणि बाकीच्या बोटांनी, अंगठ्याच्या कडेने शेजारच्या तारा धरून ठेवायच्या. पिकने (तारा छेडायच्या चपट्या तुकड्याने) हे कठीण जाते, म्हणून बरेच स्लाइडवादक नुसत्या बोटांनी वाजवतात. सुराला कंपन देताना नळी फ्रेटच्या दोन्ही बाजूंना सारखी हलली पाहिजे. ती एकाच बाजूला झुकली तर सूर चढा किंवा उतरता ऐकू येतो.

नळी फ्रेटवर आपटून खडखडत असेल तर हात जड पडतो आहे, नाहीतर तारा फार खाली आहेत. बाराव्या फ्रेटपाशी तारांची उंची अडीच ते तीन मिलिमीटर ठेवली आणि पहिली, सर्वांत बारीक तार .009 इंचाऐवजी .011 ची, ॲकूस्टिकवर .013 ची घेतली की हा त्रास बहुतेक जातो. फ्रेटबोर्ड (मानेची फ्रेट बसवलेली पट्टी) फार गोलाकार असेल तर सरळ नळी मधल्या तारांवर दाबली जाते आणि कडेच्या तारा सुटतात. काचेचा आवाज मऊ, पोलादाचा टोकदार. पितळ जड असल्याने सूर जास्त टिकतो. नळी बोटात सैल असेल तर डळमळते. आत कापडाची पट्टी चिकटवली तरी काम भागते.

ट्यूनिंग : मोकळ्या तारा छेडल्या की पूर्ण कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) वाजावी अशा पद्धतीने तारा लावतात, यालाच ओपन ट्यूनिंग म्हणतात, कारण सरळ नळी सगळ्या तारा एकाच फ्रेटवर धरते. ओपन जीमध्ये जाड तारेकडून बारीक तारेकडे डी, जी, डी, जी, बी, डी असे सूर येतात, म्हणजे प सा प सा ग प. ओपन डीची मांडणी सा प सा ग प सा अशी. ओपन ईचीही तीच, पण त्यात तीन तारा चढवाव्या लागतात आणि गिटारच्या मानेवर ताण वाढतो. म्हणून ओपन डी लावून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) चढवणे सुरक्षित.

वादक : स्लाइड म्हटले की डुएन ऑलमन यांचे नाव निघते, आणि रास्तच आहे. औषधाची काचेची बाटली अनामिकेत घालून त्यांनी 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहात जे वाजवले ते आजही धडा म्हणून गिरवले जाते. पण एकेका सुराची स्वच्छ, गळ्यासारखी स्लाइड आली ती शिकागोहून, आणि त्या परंपरेची नावे फार कमी घेतली जातात. टँपा रेड यांनी 1920 च्या दशकाअखेरीस ती रुजवली. रॉबर्ट नाइटहॉक यांनी ती विजेच्या गिटारवर आणली, आणि अर्ल हूकर यांनी कळसाला नेली. हूकर नेहमीच्या ट्यूनिंगमध्येच वाजवत. नळी आखूड, त्यामुळे एका ओळीत दाबलेले सूर आणि स्लाइड दोन्ही येत; सांधा ऐकू येत नाही. 1961 मध्ये मुद्रित केलेल्या त्यांच्या एका वाद्यरचनेवर पुढच्या वर्षी ब्लूज गायक मडी वॉटर्स यांचा आवाज चढवला गेला आणि ‘यू शूक मी’ हे गाणे तयार झाले. लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडने ते 1969 मध्ये जगभर पोहोचवले. हूकर मात्र 1970 मध्ये क्षयाने गेले आणि नाव मागेच राहिले.

लोएल जॉर्ज स्पार्क प्लग काढायचा सॉकेट बोटात घालून वाजवत. लुइझियानाचे सनी लँड्रेथ नळीच्या मागे तार दाबतात : ओपन ईमध्ये नळी बाराव्या फ्रेटवर असताना तिसरी तार अकराव्यावर दाबली की ती नळीखालून सुटते, गंधार कोमल होतो आणि मेजर कॉर्डची मायनर होते. सरळ नळीची ही मूळ मर्यादा इतक्या साधेपणाने क्वचितच कुणी ओलांडली असेल. जॅझमध्ये कॉर्ड भराभर बदलतात, म्हणून तेथे स्लाइड विरळ. डेव्हिड ट्रॉन्झो हे ठळक अपवाद.

भारतात या पद्धतीची हवाईयन बहीण आली. तिच्यात गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी कांडी फिरवतात. व्हॅन शिपली यांनी मुंबईत हिंदी चित्रपटगीतांच्या धुना या गिटारवर लोकप्रिय केल्या, ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग मांडले. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा (बदल केलेली हवाईयन गिटार) आणि अमेरिकी वादक राय कूडर यांची बॉटलनेक गिटार 1993 च्या एका ध्वनिमुद्रिकेत समोरासमोर आली. तिला 1994 मध्ये ग्रॅमी मिळाले. ती हेडफोन लावून ऐकावी : कांडीची लांब मींड आणि नळीची आखूड घसीट वेगवेगळ्या ओळखू येतात.