आययूई आणि ‘निरपेक्ष’ या शब्दाचा घोळ

युरोपातली अतिनील दुर्बिणीची मोठी योजना खर्चापायी बारगळली. तिचे आटोपशीर रूप अमेरिकेने ‘लहान खगोल उपग्रह’ मालिकेत चौथ्या जागी, ‘डी’ म्हणून घेतले. तोच पुढे आययूई (इंटरनॅशनल अल्ट्राव्हायोलेट एक्सप्लोरर) हा अतिनील उपग्रह झाला. आरसा 45 सेंमीचा, उड्डाण 26 जानेवारी 1978. तीन वर्षे चालला तरी पुष्कळ, असे धरले होते. तो 30 सप्टेंबर 1996 पर्यंत चालला आणि लाखाच्या वर वर्णपट मागे ठेवून गेला. अंशशोधनाच्या, म्हणजे उपकरणाचे आकडे खऱ्या मापाशी जुळवून घेण्याच्या, कटकटी लांबल्या त्या या दीर्घायुष्यामुळेच.

तरंगलांबीचे फारसे अडले नाही. उपग्रहावरच प्लॅटिनम-निऑनचा दिवा होता आणि त्याच्या रेषांच्या जागा पक्क्या माहीत होत्या. कॅमेऱ्याच्या काचेवर 13 × 13 खुणा कोरलेल्या होत्या. तापमान बदलले की प्रतिमेत त्या सरकत. किती सरकल्या ते पाहून चित्र सरळ करून घ्यायचे.

खरे दुखणे तेजस्वितेचे. प्रत्येक बिंदूला कॅमेरा 0 ते 255 मधला एक आकडा देई, पण प्रकाश दुप्पट झाला म्हणून आकडा दुप्पट होत नसे. म्हणून दिव्याखाली कमी-जास्त वेळ धरून बिंदूगणिक तक्ता केला होता: अमुक आकडा म्हणजे तमुक प्रकाश. लघुतरंगांच्या कॅमेऱ्यासाठी केलेल्या पहिल्या तक्त्यात एक पायरी चुकली. 1979 च्या मध्यापर्यंतचे त्याचे वर्णपट त्याच चुकीच्या तक्त्यातून बाहेर पडले आणि दुरुस्तीचे सूत्र मागाहून आले. ज्यांचे निबंध तोवर छापून झाले होते, त्यांना त्याचा काय उपयोग?

तक्ता बरोबर असला तरी हाती येतो तो सापेक्ष आकडा. त्याचे अर्गमध्ये, म्हणजे ऊर्जेच्या एककात, रूपांतर करणे म्हणजे ‘निरपेक्ष अंशशोधन’. हा शब्द दिशाभूल करणारा आहे. यात निरपेक्ष काही नसते, अपेक्षा दुसऱ्या ताऱ्यावर ढकललेली असते. सुरुवातीला तो तारा होता मरीची, म्हणजे सप्तर्षींच्या शेपटीचे टोक. त्याचे तेज आधीच्या अग्निबाणांनी आणि उपग्रहांनी मोजलेले होते आणि 1980 चे अंशशोधन त्यावर टेकले. मोजमापात चूक असली तरी ते निदान मोजमाप होते.

नव्वदीत सगळा संग्रह नव्याने प्रक्रियेत घातला, तेव्हा श्वेत बटूंकडे, म्हणजे विझलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या लहान, तप्त गाभ्यांकडे, वळायचे ठरले. जी191-बी2बी या बटूचे तापमान सुमारे 60,000 अंश. दृश्य प्रकाशातल्या हायड्रोजन रेषांवरून तापमान काढायचे, वातावरण निव्वळ हायड्रोजनचे धरायचे आणि अतिनील तेज गणिताने मिळवायचे. बाजूने बोलणारे म्हणत, हायड्रोजनचे गणित आपल्याला पक्के येते, उगाच जुन्या अग्निबाणांवरच्या मोजमापांवर का विसंबा? विरोधकांचा मुद्दा मला अधिक पटतो: ज्याचे तेज मोजायचे तेच आधी गणिताने ठरवून टाकले, तर उपकरण नक्की काय तपासते? शिवाय याच उपग्रहाच्या उच्च विभेदनाच्या (बारीक तपशील दाखवणाऱ्या) वर्णपटांत या बटूत कार्बन, नायट्रोजन, सिलिकॉनच्या रेषा आधीच दिसल्या होत्या. म्हणजे ‘निव्वळ हायड्रोजन’ हेही सोयीचे गृहीतकच.

शेवटी झाली ती तडजोड: तरंगलांबीगणिक बदलणाऱ्या अंशशोधनाच्या वक्राचा आकार बटूच्या गणितावरून, उंची जुन्या ताऱ्यांच्या मोजमापांवरून. निकालाला नाव मात्र ‘निरपेक्ष’ हेच राहिले.

ते टिकलेही नाही. 2000 साली छापलेल्या एका तपासणीत अंतिम संग्रहातल्या कमी विभेदनाच्या वर्णपटांत 10 ते 15 टक्क्यांच्या पद्धतशीर चुका आढळल्या. त्यांतल्या काही चुका काळाबरोबर बदलणाऱ्या होत्या. त्या काढायला घेतलेला आधार पुन्हा श्वेत बटूंचाच होता. 2015 मध्ये उडालेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटच्या अतिनील दुर्बिणीचे कक्षेतले अंशशोधनही एचझेड 4 या श्वेत बटूवर झाले.